सीआयडीवाले एसीपी प्रद्युमन म्हणजे शिवाजी साटम आधी काय करायचे? सीआयडी सोडून त्यांनी काय केलंय?

बँकेत होते हो! सेंट्रल बँकेत कॅशियर. हे सांगितलं की निम्म्या लोकांना खरंच वाटत नाही, जणू हा माणूस जन्मला तोच हवेत बोटं फिरवत.

माझे बाबा पण फोर्टला एका बँकेत होते, दुसऱ्या, त्यामुळे परळला आमच्या घरी सीआयडी लागलं की बाबा म्हणणार "आपल्या बँकवाल्यांपैकी आहे बरं का". तेव्हा मुंबईतल्या बँकांचं नाटकाचं वेड म्हणजे काय विचारू नका, दिवसभर काउंटरवर पितळी टोकनं आणि नोटा, सहा वाजले की तालीम, मग शेवटची लोकल, आणि सकाळी परत दहाच्या ठोक्याला मस्टरवर सही. आंतरबँक नाट्यस्पर्धा व्हायच्या आणि त्या लोक जिवावर उदार होऊन करायचे. अशाच एका स्पर्धेत बाळ धुरींनी (रामायणातले दशरथ) साटमांना हेरलं आणि 'संगीत वरद' नाटकात काम दिलं. म्हणजे एसीपीची सुरुवात चक्क संगीत नाटकातून, गंमत आहे की नाही.

पोलिसाचा रोल पण सीआयडीत पहिल्यांदा नाही केला. त्याआधी दूरदर्शनवर मराठीत 'एक शून्य शून्य' लागायची, नाव पोलीस कंट्रोलच्या १०० नंबरवरून, ती बी. पी. सिंग यांचीच आणि त्यात साटम होतेच. हीच जोडी पुढे २१ जानेवारी १९९८ ला सोनीवर सीआयडी घेऊन आली, तेव्हा साटम ४७ वर्षांचे! त्या वयात आमचे बाबा पीएफचा हिशोब करत बसले होते. मग ऑक्टोबर २०१८ पर्यंत दीड हजाराच्या वर एपिसोड, आणि डिसेंबर २०२४ मध्ये सीरियल परत सुरू झाली तेव्हा चौऱ्याहत्तरीत परत तोच कोट.

लोक मीम्स करतात, मी पण फॉरवर्ड करतो, पण २००४ चा तो १११ मिनिटांचा एपिसोड आठवतोय का, एकही कट न घेता एका टेकमध्ये शूट केलेला, गिनीजमध्ये नोंद झाली त्याची. त्यात एकजण जरी वाक्य विसरला तरी सगळं पहिल्यापासून. माझं मत विचाराल तर असलं काम नाटकाच्या तालमी केलेल्या माणसालाच झेपतं.

सीआयडी सोडून म्हणाल तर 'वास्तव' बघा, संजय दत्तचे वडील, रीमा लागूंच्या शेजारी हा माणूस फार आरडाओरडा न करता सगळं खांद्यावर घेऊन वावरतो. 'दे धक्का' मधले आजोबा तर अफलातून. आणि 'उत्तरायण' नक्की बघा, नीना कुळकर्णींबरोबर, उतारवयात परत भेटलेल्या दोघांची गोष्ट आहे, एसीपी कुठे औषधालाही सापडत नाही त्यात. नायक, यशवंत, गुलाम-ए-मुस्तफा वगैरे हिंदी यादी मोठी आहे, ती शोधली की सापडेल.

बाबांची मात्र सीआयडीबद्दल एकच तक्रार शेवटपर्यंत राहिली, एवढ्या केसेस सोडवल्या, दयाने एवढे दरवाजे तोडले, पण त्या दरवाजांच्या भरपाईच्या व्हाउचरवर एसीपीने सही केलेली एकदा पण दाखवली नाही, कॅशियर असून!