बरोबरीत सुटलेला डाव अभ्यासण्यात काही अर्थ आहे का?

तुम्ही विचारलंय की बुद्धिबळात फ्रेंच डिफेन्स (पांढऱ्याच्या ई4 ला काळ्याचं ई6 हे उत्तर) शिकताना सर फक्त जिंकलेले डाव पाहायला सांगतात, तर ड्रॉ झालेले सोडून द्यावेत का? बारा-पंधरा खेळ्यांत हात मिळवून उठतात तसले डाव खुशाल सोडा. पण फिशर–ताल (फिशर पांढरा, ताल काळा), लाइपझिग ऑलिम्पियाड, 1960 हा सोडू नका. ताल तेव्हा विश्वविजेता, फिशर सतरा वर्षांचा आणि आदल्या वर्षी कँडिडेट्समध्ये (विश्वविजेत्याचा आव्हानवीर ठरवणारी स्पर्धा) तालकडून चारही डाव हरलेला.

ओपनिंग विनावर, म्हणजे फ्रेंच डिफेन्सचीच एक शाखा. पाचव्या खेळीला पांढऱ्याचं प्यादं ए3 ला आलं की बहुतेक जण उंटाने सी3 चा घोडा मारतात. तालने उंट ए5 ला मागे घेतला. ही वाट बदनाम होती; 1954 च्या विश्वविजेतेपदाच्या लढतीत याच वाटेने बोटविनिक स्मिस्लोव्हकडून हरला होता. फिशरच्या वजिरानेही तसंच जी7, एच7 फस्त केलं. बोटविनिकने इथे दहाव्या खेळीला घोडा डी7 ला आणला होता, तालने सी6 ला. माझ्या मते अख्खा डाव या एका घराच्या फरकावर उभा आहे. डी7 उंटाला मोकळं मिळालं, वजिराच्या बाजूला किल्लेकोट झाला आणि ई5 च्या प्याद्यावर दाब आला. चौदाव्या खेळीला तालने घोड्याने ते प्यादं मारलंच!

पुढे नुसती कापाकापी. फिशरचा घोडा एफ7, डी8, ई6 असा खात सुटला. तालच्या उंटाने एफ1 चा हत्ती घेतला, हत्तीने जी5 चा उंट आणि मग जी2 चं प्यादं, शहासकट. एकविसाव्या खेळीला तालचा वजीर जी4 वर, शह. फिशरकडे हत्ती, तालकडे घोडा, म्हणजे माल फिशरकडे जास्त. पण राजा एच1 ला गेला की एफ3 वरून शह, जी1 ला आला की पुन्हा जी4 वरून. हे शह संपतच नाहीत, म्हणून ड्रॉ. (फिशरने आपल्या निवडक साठ डावांच्या पुस्तकात हा घेतलाय.)

इंजिन (डाव तपासणारा संगणक प्रोग्राम) लावायच्या आधी एक करा. एकोणिसाव्या खेळीची स्थिती पटावर मांडा आणि फिशरने राजाने एफ1 चा उंट का खाल्ला नाही ते शोधा. काळा हत्ती एच2 वर ठेवून बघा, तिथून सुरुवात होते.