चिकोरी म्हणजे भेसळ का?

प्रश्न: काकू, मुलाने बंगळूरहून फिल्टर कॉफीची पुडी आणलीय. वर छापलंय ‘कॉफी ७० टक्के, चिकोरी ३० टक्के’, खाली ‘पीबेरी’. सासूबाई म्हणतात, चिकोरी म्हणजे भेसळ, टाकून दे. आमच्याकडे जायफळ घातलेली दुधाची कॉफीच होते. ही पूड त्या कॉफीला चालेल का?
– एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर: टाकू नका हो! प्रमाण छापलंय, म्हणजे भेसळ नव्हे. चिकोरी हे एका झाडाचं मूळ. कापून, वाळवून, भाजून दळतात. आपल्या आणंदकडे, जामनगरकडेही तिची शेती होते. तिच्यात कॅफीन नसतं, पण कॉफीला गडद रंग आणि दाटपणा येतो. अशा मिश्रणात किमान ५१ टक्के कॉफी हवी आणि प्रमाण पुडीवर हवं, असा नियमच आहे.

राग येतो तो न सांगता मिसळतात त्याचा. मागे मी इथल्याच एका दुकानातून ‘शुद्ध कॉफी’ म्हणून सुटी पूड आणली. चव वेगळी लागली, म्हणून काचेच्या पेल्यात गार पाणी घेऊन वर चिमूटभर भुरभुरली. कॉफी बराच वेळ तरंगते. इथे मात्र बघता बघता तपकिरी रेघा ओघळत तळाशी गेल्या. ती चिकोरी! पैसे घेतले होते निव्वळ कॉफीचे.

पीबेरी ही काही कॉफीची वेगळी जात नव्हे. कॉफीच्या फळात एरवी दोन चपट्या बिया असतात. कधी एकच भरते, वाटाण्यासारखी गोल, ती पीबेरी. जाती मुख्य दोन. अरेबिका मूळची इथिओपियाची, वासाला नाजूक, जराशी आंबट. सूफी संत बाबा बुदन यांनी सतराव्या शतकात येमेनमधून सात बिया आणून कर्नाटकातल्या चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, अशी कथा सांगतात. त्या डोंगरांना आजही त्यांचंच नाव आहे. रोबस्टाही आफ्रिकेतलीच, पण कडू, आणि कॅफीन जवळजवळ दुप्पट.

भरपूर दूध, साखर आणि जायफळ पडलं की नुसत्या अरेबिकाचा वास दबतो. तिथे तुमची चिकोरीवाली पूड उलट छान लागेल. फक्त ती दुधात उकळू नका, विरघळत नाही, गाळ दाताखाली येतो. कॉफीच्या फिल्टरमध्ये पूड घालून वर उकळतं पाणी ओता आणि डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा दाट अर्क, सावकाश खाली उतरू द्या. दूध, साखर आणि उगाळलेलं जायफळ एकत्र उकळा, गॅस बंद करा आणि मग डिकॉक्शन घाला. पहिला कप सासूबाईंना.