गाण्याच्या फाइलमध्ये आयएसआरसी कोड आणि बाकीची माहिती कशी टाकायची? एवढं करायची खरंच गरज आहे का?

गरज आहे. आयएसआरसी म्हणजे प्रत्येक रेकॉर्डिंगला मिळणारा स्वतंत्र ओळख-कोड. आणि "आधी रिलीज करून टाकू, माहिती नंतर भरू" असं कोणी सांगत असेल तर त्याचं अजिबात ऐकू नका.

मी मिक्सिंग-मास्टरिंग करतो. एका गायिकेच्या अल्बममध्ये एकच गाणं दोनदा होतं, एकदा स्टुडिओतलं आणि एकदा मैफलीतलं. स्टुडिओत बासरी एकाची, मैफलीत दुसऱ्याची. निर्मात्याने दोन्हींना एकच कोड लावायचं ठरवलं. मी म्हटलं, अहो, हा कोड गाण्याचा नाही, रेकॉर्डिंगचा आहे. शब्द आणि चाल मिळून जी रचना होते तिचा कोड वेगळा, त्याला आयएसडब्ल्यूसी म्हणतात. आयएसआरसी त्या-त्या ध्वनिमुद्रणाचा. मैफलीतलं वेगळं, रिमिक्स वेगळं. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचं हे मानक १९८६ पासून आहे, मी मनाने काढलेला नियम नाही. त्यावर उत्तर आलं, "गाणं तेच, गायिका तीच, उगाच फाटे फोडू नका." मी ईमेल करूनही कळवलं. उपयोग शून्य.

व्हायचं तेच झालं. स्ट्रीमिंगवर दोन्ही एकच रेकॉर्डिंग धरली गेली, ऐकल्याचे आकडे एकत्र झाले आणि मैफलीतल्या गाण्याखाली स्टुडिओतल्या बासरीवादकाचं नाव आलं. मैफलीत सुरुवातीचा आलाप ज्याने एकट्याने वाजवला होता, त्या पोराचा मला फोन आला, "दादा, माझं नाव कुठंय?" मी त्याला बोलावून मास्टर फाइल उघडून दाखवली. नाव, वाद्य, सगळं तिथे नीट भरलेलं होतं. तो बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसला. निर्मात्याच्या लेखी ही "तांत्रिक अडचण" होती. कसली तांत्रिक? वादकाच्या नावाला किंमत द्यायची नव्हती, एवढंच. दुरुस्ती झाली, पण तोवर गाण्याचे पहिले, सगळ्यात जास्त ऐकले जाण्याचे दिवस निघून गेले होते.

आता तुमचं काम. कोड बारा अक्षर-अंकांचा असतो: पहिली पाच जागा नोंदणीधारकाच्या, पुढचे दोन अंक वर्षाचे, शेवटचे पाच अनुक्रमांकाचे. वर्ष म्हणजे कोड दिला ते वर्ष, रेकॉर्डिंगचं नव्हे. जुन्या टेपवरून घेतलेल्या गाण्यांच्या बाबतीत यात हमखास गोंधळ होतो. मधल्या हायफन वाचायच्या सोयीसाठी असतात, फाइलमध्ये कोड सलग लिहा. फाइलचा प्रकार एमपीथ्री असो की फ्लॅक, रेकॉर्डिंग तेच असेल तर कोडही तोच. मालक बदलला तरी कोड बदलत नाही आणि एकदा दिलेला कोड दुसऱ्या रेकॉर्डिंगला लावता येत नाही.

एमपीथ्रीटॅग किंवा किडथ्री या फाइलमधली माहिती भरायच्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडा, आयएसआरसीचा रकाना भरा, सेव्ह करा. आवाजाला काही धक्का लागत नाही. एमपीथ्रीत नावं देवनागरीत हवी असतील तर आयडीथ्रीची, म्हणजे त्या फाइलमध्ये माहिती साठवायच्या पद्धतीची, दुसरी आवृत्ती वापरा. पहिल्या आवृत्तीत शीर्षकाला जेमतेम ३० बाइट मिळतात आणि देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं दिसतात. गायक, संगीतकार, गीतकार हे रकाने सगळेच भरतात. वादकांची नावं राहतात, ती आधी भरा. नावाचं स्पेलिंग स्वतः त्या माणसालाच विचारा.

एक सांगायचं राहिलं. वेव्ह फाइलमध्ये कोड कुठे लिहायचा यावर सगळ्या सॉफ्टवेअरचं एकमत नाही, त्यामुळे एकात लिहिलेला दुसऱ्यात दिसेलच असं नाही. शिवाय गाणं स्ट्रीमिंगवर पोचवणारे वितरक बहुतेक वेळा फाइलमधलं वाचतच नाहीत, त्यांच्या फॉर्ममध्ये भरलेलंच पुढे जातं. तेव्हा फॉर्म निर्मात्यावर सोडू नका. स्वतः शेजारी बसून भरून घ्या, आणि भरलेल्या पानाचा स्क्रीनशॉट प्रत्येक वादकाला त्याच दिवशी पाठवा.