‘सणाच्या दिवशी एक घास खाल्ला तर काय होतं?’

प्रश्न : ताई, माझ्या मुलाला (वय ९) एप्रिलमध्ये सिलिअ‍ॅक (गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होण्याचा आजार) असल्याचं निदान झालं. वर्षभर पोट फुगायचं, जुलाब व्हायचे, वजन २१ किलोवर अडकलं होतं. आम्ही लालबागला चाळीत राहतो. एक खोली, स्वयंपाकघर आणि माणसं सहा. त्याला मी ज्वारीची नाहीतर तांदळाची भाकरी देते, बाकीच्यांना चपात्या. चार महिने त्याच्या ताटात गव्हाचा कण नाही, तरी पोट अधूनमधून बिघडतंच. रक्तातला टीटीजीचा (सिलिअ‍ॅक दाखवणाऱ्या तपासणीचा) आकडाही फारसा उतरलेला नाही. सासूबाई म्हणतात, “आमच्या वेळी असलं काही नव्हतं. सणाच्या दिवशी एक घास पुरणपोळी खाल्ली तर काय होतं?” गणपती तोंडावर आलेत. मी काय करू?

उत्तर : ‘त्याच्या ताटात गव्हाचा कण नाही’ हे तुमचं वाक्य मी दोनदा वाचलं. २००९ साली मी माझ्या डॉक्टरांना अगदी हेच सांगत होते. माझं निदान चाळिशीत झालं. त्याआधी सहा वर्षं हिमोग्लोबिन सात-आठच्या वर जात नव्हतं. लोहाच्या गोळ्या झाल्या, सलाईनमधून लोह झालं. एका दवाखान्यातून तर ‘बायकांचं असं असतंच’ म्हणून मला घरी पाठवलं. पोटाची तक्रार जवळजवळ नव्हतीच, म्हणून कुणाच्या मनात गहू आला नाही. लोह पोटात जात होतं, पण आतडं ते घेतच नव्हतं. निदान झाल्यावर मी चपाती, पाव, रवा, शेवया सगळं एका दिवसात बंद केलं. आठ महिन्यांनी रक्त तपासलं, तर टीटीजीचा आकडा जेमतेम हललेला. डॉक्टर रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “तुमच्या घरात गहू अजून येतोय. कुठून येतोय ते शोधा.” हा आकडा सावकाश उतरतो, काहींना वर्षाहून जास्त लागतं, तेव्हा चार महिन्यांत तुम्ही धीर सोडू नका. पण पोट अजून बिघडतंय, म्हणजे शोध घ्यायला हवा. मला दोन महिने लागले होते. तुमचे ते वाचावेत.

सुरुवात गिरणीपासून करा. तेव्हा मी परळला राहायचे. ज्वारी निवडून, पिशवीवर ‘वेगळं’ असं लिहून मी दळायला द्यायचे, आणि ती जायची कुणाच्या तरी गव्हाच्या पाठोपाठ, त्याच जात्यात. एकदा मी तिथेच उभी राहिले. गिरणीवाल्या काकांनी सरळ सांगितलं, “आधीच्या दळणातलं पीठ पुढच्यात उतरतंच, ताई. ते कुणाला चुकत नाही.” म्हणजे आठ महिने मी ज्वारीची समजून खात होते ती भाकरी गव्हाच्या पिठाची भेसळ झालेली होती. पुढे आम्ही शेजारच्या तीन घरांनी मिळून घरघंटी घेतली. तिच्यात आजवर गव्हाचा एक दाणा पडलेला नाही. तुमच्या मजल्यावर असं कुणी तयार होतं का ते विचारून बघा. मधुमेहाची किंवा नाचणी-ज्वारी खाणारी माणसं प्रत्येक चाळीत असतात, त्यांनाही ती उपयोगी पडते. तोवर ‘ग्लुटेन-फ्री’ छापलेलं पाकीटबंद पीठ घ्या. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा कमी ग्लुटेन असेल तरच तसं छापता येतं. पाकिटावर नुसतं ‘ज्वारीचं पीठ’ लिहिलेलं असणं आपल्याला पुरत नाही.

दुसरं, हिंग. माझ्या घरी हे सगळ्यात शेवटी सापडलं. आपण फोडणीला वापरतो तो बांधानी हिंग. अस्सल हिंग फार उग्र, म्हणून तो डिंक आणि पिठात मिसळतात, आणि ते पीठ पुष्कळदा मैद्याचं असतं. रोजची आमटी, रोजची उसळ, रोज चिमूटभर मैदा. काही जण तांदळाचं पीठ वापरतात, तेव्हा डबीच्या मागची बारीक अक्षरं वाचून तोच हिंग घ्या आणि घरात एकच ठेवा. दोन डब्या ठेवल्या की घाईच्या वेळी चुकीची हाताला लागते. लालबागला राहता म्हणजे मसाला डंकावर कुटून आणत असाल. तिथेही विचारा, त्याच डंकात किंवा चक्कीत थालिपिठाची भाजणी होते का. भाजणीत बहुतेकांचे गहू असतात.

मग घरातल्या वस्तू. लाकडी पोळपाट-लाटणं आणि चाळण धुऊन स्वच्छ होत नाही. फटीत, जाळीत पीठ राहतंच. त्याची चाळण, त्याचा तवा, त्याची परात वेगळी करा आणि कडेला लाल ऑइलपेंटचा ठिपका द्या, म्हणजे सासूबाईंना चष्मा नसला तरी दिसेल. स्टीलची भांडी नीट घासली की चालतात. तूप आणि चटणीच्या बरणीत चपातीला लागलेला चमचा परत जातो, म्हणून त्याची छोटी बरणी वेगळी. आणि एका स्वयंपाकघरात दोन्ही शिजतं तेव्हा क्रम पाळा : सकाळी आधी त्याची भाकरी, त्याचा डबा, झाकण लावून वर ठेवा, मगच कणीक मळायला घ्या. कोरडं पीठ उडतं आणि उघड्या भांड्यात बसतं. पुऱ्या तळलेल्या तेलात त्याचे पापड तळू नका. आणि कुरडया! त्या गव्हाच्या चिकाच्या असतात. पांढऱ्याशुभ्र दिसतात म्हणून कितीतरी बायका त्या तांदळाच्या समजून वाढतात.

आता सासूबाई. त्यांच्याशी भांडू नका. नातवाला सणाला गोड मिळावं असंच त्यांना वाटतं. त्यांना हिशेब करून दाखवा. एका साध्या चपातीत दोन ते अडीच ग्रॅम ग्लुटेन असतं. सिलिअ‍ॅकच्या माणसाने दिवसाला साधारण १० मिलिग्रॅमच्या पुढे जाऊ नये, असं डॉक्टर मानतात. चपातीचे दोनशे तुकडे करायला सांगा. त्यातला एक तुकडा म्हणजे त्याची दिवसाची मर्यादा, आणि ती मर्यादा न दिसणाऱ्या कणांतच संपून जाते. घास तर फार लांब राहिला. लहान आतड्याला आतून मखमलीसारखे बारीक अंकुर असतात, अन्नातलं सत्त्व तेच शोषून घेतात. ग्लुटेन आलं की या मुलाच्या शरीराची संरक्षणयंत्रणा चवताळते आणि स्वतःच्याच आतड्यावर हल्ला करते. अंकुर झडून सपाट होतात. त्या दिवशी पोट दुखलं नाही तरी हे आत चालू राहतं. हे पचन कच्चं असण्यासारखं नाही, सवयीने जात नाही.

‘आमच्या वेळी नव्हतं’ यालाही उत्तर आहे. हॉलंडमध्ये विलेम डिके नावाचे बालरोगतज्ज्ञ होते. अशी खंगलेली मुलं त्यांच्याकडे यायची आणि त्यांना गव्हाचा संशय होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात युद्धामुळे तिथे उपासमार झाली, पाव मिळेनासा झाला. शहरं कुपोषणाने हैराण होती आणि ही मुलं मात्र सुधारली. पाव परत आला तशी पुन्हा आजारी पडली. १९५० साली डिके यांनी त्यावर प्रबंध लिहिला. आजार आमच्या आजीच्या वेळीही होताच. ‘पोराच्या अंगी लागत नाही’ म्हणायचे आणि दृष्ट काढायचे.

आणि सणाचं म्हणाल तर गणपतीसारखा सण नाही! उकडीचे मोदक तांदळाचे, उरलेल्या उकडीच्या निवगऱ्या तांदळाच्या. कोकणातल्या घरांत गौरीला घावन-घाटलं होतं, तेही तांदळाचं. पंचखाद्य आहे, ऋषीची भाजी आहे. फक्त मोदकाची पिठी गिरणीतून आणू नका : तांदूळ धुऊन, सावलीत वाळवून, मिक्सरवर बारीक करून त्याच्या चाळणीने चाळा. पुरणपोळी करणार असाल तर कणीक भिजवण्याआधी त्याचं पुरण वाटीत काढा, वर साजूक तूप सोडा. माझी एक विनंती आहे : त्या पाच दिवसांत घरातल्या सगळ्यांनीच मोदक आणि घावन खा. चपातीच लाटू नका. सहा माणसांच्या पंगतीत त्याचं एकट्याचं ताट वेगळं नको. नऊ वर्षांच्या मुलाला गहू सोडण्याचा त्रास होतो त्याहून जास्त वेगळं बसण्याचा होतो, हे मी माझ्या ओळखीतल्या मुलांत पाहिलंय. शाळेत तो डबा अदलाबदल करून खात असेल, म्हणून बाईंना भेटा आणि वाढदिवसांसाठी चिक्की किंवा राजगिऱ्याचे लाडू बाईंच्या कपाटात ठेवून द्या.

त्याला बहीण-भाऊ आहेत का ते तुम्ही लिहिलं नाहीत. असतील तर त्यांची आणि तुम्हा दोघांचीही रक्ततपासणी करून घ्या, त्रास नसला तरी. रुग्णाच्या सख्ख्या नात्यात साधारण दहात एकाला हा आजार निघू शकतो.

प्रश्न : मी २१ वर्षांची, भांडुपला राहते. पोट सतत गुबारतं म्हणून मैत्रिणीच्या सांगण्यावरून तीन आठवड्यांपूर्वी गहू बंद केला. बरं वाटतंय. आता तपासणी करायची गरज आहे का?

उत्तर : आहे, आणि गहू तू आधी बंद करायला नको होतास. टीटीजी-आयजीए ही रक्ततपासणी आणि दुर्बिणीतून घेतलेला आतड्याचा तुकडा, दोन्हींत आजार दिसायला पोटात ग्लुटेन जात असावं लागतं. बंद केल्यावर अहवाल खोटाच ‘नॉर्मल’ येऊ शकतो. पोटविकारतज्ज्ञांना गाठ आणि तीन आठवडे बंद आहे हे स्पष्ट सांग. ते बहुधा काही आठवडे रोज गहू खायला लावून मग तपासतील. सोबत एकूण आयजीएही (टीटीजीत मोजतात त्या प्रकारची रक्तातली सगळी प्रतिद्रव्यं) तपासायला सांग, कारण ते मुळातच कमी असलं तर टीटीजी फसवतो. कदाचित तुला सिलिअ‍ॅक नसेलही, गहू सोडून बरं वाटण्याची इतर कारणं असतात. पण असेल तर पथ्य जन्मभराचं आहे. ते अंदाजावर पाळू नये आणि अंदाजावर मोडूही नये.

प्रश्न : मलाही सिलिअ‍ॅक आहे. माझं ऑफिस फोर्टला आहे, येणं-जाणं विरारहून. डबा नेतेच, पण उशीर झाला की बाहेर काय खाऊ? आणि सत्यनारायणाच्या प्रसादाला ‘नको’ कसं म्हणू?

उत्तर : खात्रीचं असं केळी, शहाळं, सालासकटची फळं, भाजलेले शेंगदाणे. इडली चालते, पण सांबारातल्या हिंगाचं काय ते आता तुम्हाला कळलंच असेल. चटणीबरोबर खा. तिच्यावर फोडणी असेल तर तीही नको. साधा डोसा तांदूळ-उडदाचा खरा, पण त्याच तव्यावर रवा डोसा पसरलेला असतो. गर्दीच्या वेळी तवा कुणी घासत नाही, म्हणून मी खात नाही. बटाटेवडा बेसनाचा, तरी त्याच कढईत समोसे तळतात. भेळेत पुरी मैद्याची. चायनीजच्या गाडीवर भातसुद्धा नको, सोया सॉसमध्ये गहू असतो. मालवणी खानावळीत तळलेली मासळी रव्यात घोळवतात. तांदळाच्या पिठात करून द्या म्हटलं तर देतात, पण तवा तोच. मी तिथे सोलकढी आणि साधा भात मागवते, कालवणात काय घातलंय ते विचारून मग घेते. पर्समध्ये कायम घरचा राजगिरा लाडू. लोकल बंद पडली त्या एका पावसाळी रात्री दादरला सहा तास मी त्यावरच काढले.

उपासाचे पदार्थ मात्र आपल्या मदतीला येतात : साबुदाणा, वरी, शिंगाडा, राजगिरा. हॉटेलात तळणीचं तेल विचारायचं, एवढं लक्षात ठेवा.

प्रसादाचं मी पहिली दोन वर्षं चुकवत होते. हातात घ्यायचे आणि रुमालात बांधून आणायचे. मनाला फार लागायचं. मग शेजारच्या वहिनींना एकदा पूजेच्या आदल्या दिवशीच जाऊन सांगितलं, “मला तीर्थ आणि केळं द्या, शिरा पोटाला चालत नाही, हे औषधासारखं पथ्य आहे.” त्यांनी विचारलं, “तांदळाच्या रव्याचा केला तर चालेल?” त्या वर्षीपासून त्यांच्याकडे सगळ्यांनाच तो शिरा असतो. तांदूळ धुऊन वाळवायचे, मिक्सरवर रव्याइतके जाड काढायचे, सव्वाच्या मापाने तूप, साखर आणि रवा. मंद आचेवर खमंग भाजून दूध नेहमीच्या शिऱ्यापेक्षा थोडं जास्त घालायचं, आणि शेवटी केळं कुस्करून दोन वाफा.