ट्रेकला आणि घरीही चालेल असा एकच चाकू कोणता घ्यावा?

जळगाव जिल्ह्यातल्या पाल, पाटणादेवी भागात भटकायला आणि घरी स्वयंपाकालाही चालेल असा एकच दणकट चाकू तुम्हाला हवाय, आणि बजेट दोन हजार आहे. भाऊ, माझं ऐकाल तर एकच घेऊ नका. दोन घ्या, तरी पैसे उरतील.

घरासाठी साडेतीन-चार इंच पात्याची, पातळ, स्टेनलेसची साधी सुरी पुरे. भरताची वांगी भाजण्याआधी टोचायला, कांद्याची पात चिरायला पातं पातळच लागतं. जाड पात्याने टोमॅटो कापला जात नाही, चेंगरतो. घरात विळी असेल तर भोपळा-कोबीला तिच्यापुढे कुठलीही सुरी फिकी.

बाहेरसाठी तीन इंचांच्या आसपासचा घडीचा चाकू घ्या, पण लॉकवाला. लॉक नसलेल्या चाकूचं टोक दाबलं की पातं मिटतं आणि बोटं सापडतात. पाठीला करवतीचे दात आणि पोकळ मुठीत होकायंत्र असले सिनेमातले चाकू ऑनलाइन भरपूर दिसतात. त्यांच्या वाटेला जाऊ नका. मूठ पोकळ म्हणजे पातं आत दीड-दोन इंचच गेलेलं असतं, जोर लावला की तिथेच तुटतं. बिनघडीचा घेतलात तर पात्याचं लोखंड मुठीच्या टोकापर्यंत गेलंय ना, ते बघा.

कार्बन स्टीलला धार पटकन लागते, पण लिंबू-कैरी कापून तसाच ठेवला तर काळा पडतो आणि ओला राहिला तर गंजतो. आमच्याकडे केळीचं काम, त्यामुळे पात्याला चीक लागलेलाच असतो. तो वाळायच्या आत तेलाच्या फडक्याने पुसावा लागतो, नंतर घासत बसावं लागतं. एवढी निगा होणार नसेल तर स्टेनलेसच घ्या.

लाकूड फोडणं, झुडपं छाटणं हे चाकूचं काम नव्हे, कोयत्याचं. तो मात्र दुकानातून न घेता गाडीलोहाराकडून बनवून घ्या. गाडीच्या जुन्या कमानपाट्याचा (स्प्रिंगच्या पट्टीचा) सांगा, ते लोखंड चिवट असतं. पातं लालभडक करून लोहार फक्त धारेची बाजू पाण्यात किंवा तेलात बुडवतो, पाठ मऊच ठेवतो. हातात आला की धारेवर कानस फिरवून बघा. कानस लोण्यात गेल्यासारखी रुतली तर पाणी (धारेचा कडकपणा) नीट बसलेलं नाही, तिथल्या तिथे परत द्या. अगदीच घसरत असेल तर धार दगडावर आपटून टवके उडतील. थोडी अडखळत चालली की समजा जमलं.

आता पालला जाण्याबद्दल. पाल यावल अभयारण्यात आहे आणि पाटणादेवी गौताळा अभयारण्यात. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शस्त्राच्या व्याख्येत चाकूही येतो आणि कलम 31 प्रमाणे लेखी परवानगीशिवाय शस्त्र घेऊन अभयारण्यात जाता येत नाही. तेव्हा कोयता घरीच राहू द्या आणि छोट्या चाकूबद्दलही आधी वनखात्याच्या ऑफिसात विचारा. शस्त्र नियमांत 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्यांचा शस्त्र म्हणून उल्लेख आहे. घरगुती आणि शेतीची अवजारं त्यातून वगळलेली आहेत, पण बसस्टँडवर कमरेला कोयता लावून उभं राहिलात तर तुमचं शेत कुठे आहे हे पोलीस विचारणारच.

उरलेल्या पैशांत दोन बाजूंचा धारेचा दगड घ्या, एक बाजू भरड आणि एक बारीक. पातं दगडाशी साधारण वीस अंशांत धरा, दोन्ही बाजूंना सारखे हात मारा आणि कोन बदलू देऊ नका. मग धार उजेडाकडे करून बघा. जिथे पांढरी रेघ चमकते तिथे ती अजून बोथट आहे, तेवढ्याच भागावर परत दगड चालवा.