हात हलायच्या आधीच ईईजीवरून (डोक्यावर इलेक्ट्रोड लावून टिपलेल्या मेंदूच्या विजेच्या सिग्नलवरून) ओळखता येतं का, की माणूस आता हात हलवणार आहे?

येतं. पण तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की मॉडेलची, म्हणजे ईईजी वाचून अंदाज सांगणाऱ्या प्रोग्रामची, ॲक्युरसी ९५ टक्के येतेय, हात हलायच्या अर्धा सेकंद आधी कळतंय आणि आता रोबोटिक हाताला जोडायचंय, तर तिथे जरा थांबा. मी याच खड्ड्यात पडून बाहेर आलोय, म्हणून थोडं लांबण लावतो.

ही भानगड मुळात उलटी बघून सापडलेली आहे. जर्मनीत फ्रायबुर्गला कॉर्नहुबर आणि डेके या मेंदूच्या संशोधकांनी माणसांना सांगितलं की मनाला येईल तेव्हा बोट हलवा. मेंदूचे सिग्नल टेपवर रेकॉर्ड केले आणि मग जिथे बोट हललं तिथून टेप मागे फिरवत फिरवत सगळ्या वेळांची सरासरी काढली. तेव्हा दिसलं की बोट हलायच्या सेकंदभर किंवा थोडं जास्तच आधीपासून डोक्याच्या मधल्या भागावरचं व्होल्टेज हळूहळू निगेटिव्हकडे सरकायला लागतं. १९६५ ला पेपर आला, नाव ठेवलं बेरायटशाफ्ट्सपोटेन्शियल, म्हणजे तयारीचं पोटेन्शियल. साइज किती, तर जेमतेम दहाएक मायक्रोव्होल्ट. माणसाने पापणी मिटली तरी शंभरच्या वर जातं, त्यामुळे एकाच वेळच्या सिग्नलमध्ये हे डोळ्यांनी दिसेल ही आशा सोडा.

दुसरी खूण म्हणजे म्यू रिदम, ८ ते १३ हर्ट्झ. हात निवांत असताना मेंदूतल्या हाताच्या भागातल्या पेशी एका तालात चालू असतात आणि हलवायचं मनात आलं की तो ताल मोडतो, पॉवर पडते. उजवा हात असेल तर डोक्याच्या डावीकडच्या सी३ नावाच्या इलेक्ट्रोडवर जास्त पडते, डावा असेल तर उजवीकडच्या सी४ वर. बीटा बँडमध्येही (म्यूच्या वरच्या, जास्त वेगाच्या लहरी) पडते आणि हालचाल संपली की तिथे उसळी मारून वर येते, ती उसळी बघायला फार छान असते पण तोवर उशीर झालेला असतो, इंटेन्शनसाठी तिचा उपयोग नाही. नुसती हालचालीची कल्पना केली तरी म्यू पडतो, लकवा झालेल्या माणसासाठी हेच कामाचं. पण समोरच्याचा हात हलताना नुसता बघितला तरी थोडा पडतो, हेही लक्षात ठेवा.

आता माझी गंमत. प्रोजेक्टला मित्राला इलेक्ट्रोडची कॅप घालून बसवला, जेल भरता भरता तासभर गेला, मग त्याने आरामात बटण दाबायचं आणि आम्ही रेकॉर्ड करायचं. रिझल्ट असला भारी की बटण दाबायच्या सातशे मिलिसेकंद आधी आमचं मॉडेल सांगत होतं. गाईडने एकच प्रश्न विचारला, फिल्टर कुठला लावलास? मी लावला होता तो पुढून एकदा आणि मागून एकदा फिरणारा, कारण त्याने वेव्हचा आकार जागचा हलत नाही, सगळे तेच लावतात. पण मागून फिरणारा फिल्टर म्हणजे भविष्यातला डेटा भूतकाळात सांडणं! बटण दाबतानाचा मोठा सिग्नल थोडा थोडा आधीच्या विंडोत (मॉडेल वाचतं त्या वेळेच्या तुकड्यात) झिरपला होता आणि मॉडेल तोच वाचत होतं. एकाच दिशेने जाणारा फिल्टर लावला, तर सातशेचे दोनशेच्या आसपास राहिले आणि ॲक्युरसीचं तर बोलूच नका.

त्यातही एक पाचर होती. झिरो टाइम आम्ही बटणावरून धरला होता, पण बटण दाबलं जायच्या आधीच हाताचा स्नायू कामाला लागलेला असतो. नंतर मनगटाच्या वरती ईएमजी (स्नायूचा विजेचा सिग्नल टिपणारे इलेक्ट्रोड) लावून बघितलं, तर आमच्या दोनशेतले बरेचसे त्यातच गेले. म्हणून हालचाल कधी सुरू झाली याचं लेबल ईएमजीवरून द्या, बटणावरून नको. आणि स्क्रीनवर डावा-उजवा बाण दाखवत असाल तर डोळ्यांचे चॅनल आधी तपासा, माणूस बाणाकडे बघतो आणि मॉडेल हाताऐवजी नजर शिकतं, हे इतकं होतं की विचारू नका. अजून एक, तो हळू सरकणारा सिग्नल ३ हर्ट्झच्याही खालचा असतो, सवयीने १ हर्ट्झचा हायपास (त्याखालचं काढून टाकणारा फिल्टर) लावलात तर तुम्हीच तो पुसून टाकताय.

हे सगळं नीट केलं तरी खरा वांधा वेगळाच आहे. तुमचं ९५ टक्के हे कापून ठेवलेल्या तुकड्यांवरचं आहे, अर्धे हालचालीच्या आधीचे, अर्धे आरामाचे. खऱ्या वापरात सिस्टिम सतत चालू असते. समजा दर १०० मिलिसेकंदाला एक निर्णय, म्हणजे मिनिटाला ६०० निर्णय, आणि आरामाच्या वेळी फक्त ५ टक्के चुकलं तरी मिनिटाला ३० वेळा रोबोटिक हात उगाच उडणार. माणूस शांत बसलाय आणि हात टकाटक हलतोय, कोण वापरेल? स्ट्रोकनंतरच्या थेरपीत एखादा चुकीचा ट्रिगर चालून जाईल, तिथे टायमिंग जास्त महत्त्वाचं, पण हातात कप असेल तर नाही चालणार.

मेंदू आपल्याआधीच ठरवतो का, फ्री विल वगैरे, जे तुम्ही शेवटी विचारलंय, तेही याच्याशीच जोडलेलं आहे. लिबेट या मेंदूच्या संशोधकाने १९८३ मध्ये दाखवलं की पोटेन्शियल सुरू होतं साधारण अर्धा सेकंद आधी आणि माणसाला 'आता हलवावं' असं जाणवतं २०० मिलिसेकंद आधी. यावर लोकांनी भरपूर वाद घातले. मग २०१२ मध्ये शुर्गर नावाच्या संशोधकाने आणि मंडळींनी म्हटलं की मेंदूतला नॉइज सतत वरखाली होत असतो, वर असताना उंबरठा ओलांडला की हालचाल होते, आणि तुम्ही फक्त हालचाल झालेल्या जागांवरून मागे बघता म्हणून सरासरीत चढ दिसणारच. मला हे पटतं, कारण जो चढ येऊन हालचाल न होताच उतरला, तो त्या टेपवर कोणी मोजलाच नव्हता. तुमचं मॉडेल मात्र दिवसभर त्यालाच फसणार आहे.

तेव्हा रोबोटिक हात सध्या बाजूला ठेवा. माणसाला कॅप घालून दहा मिनिटं नुसतं बसवा, वाचू दे, बोलू दे, खुर्चीत चुळबुळ करू दे, फक्त हात हलवायचा नाही. त्यावर मॉडेल लाइव्ह चालवा आणि किती वेळा 'हलवणार' म्हणतं ते मोजा. तो आकडा खाली कमेंटमध्ये टाका, मग थ्रेशोल्ड, म्हणजे मॉडेलने 'हलवणार' म्हणायचा उंबरठा, कुठे ठेवायचा ते बघू.