सहीपुरतं सदस्य राहू नका, ताई

प्रश्न : नमस्कार ताई, चोपडा तालुक्यातल्या एका छोट्या गावातून लिहितेय. माझी मुलगी गावच्या जिल्हा परिषद शाळेत सातवीला आहे. मागच्या वर्षी मला शाळा व्यवस्थापन समितीत घेतलं, पण घेतलं म्हणजे काय तर एखादं पोरगं रजिस्टर घेऊन घरी येतं आणि मी सही करते, मीटिंग कधी झाली तेच कळत नाही. शाळेत जाते म्हटलं तर घरातूनच ऐकायला मिळतं, तुनं तठे काय काम शे? सहावी ते आठवीला मिळून दोनच सर आहेत, गणिताला कोणीच नाही. गावातली बरीच पोरं व्हॅनने तालुक्याला इंग्लिश मीडियमला जायला लागलीत. मी पण दाखला काढू का?

उत्तर : ताई, दाखल्याचं नंतर बघू, आधी ते रजिस्टर. पुढच्या वेळी पोरगं आलं ना की सही करू नका, त्याला म्हणा ठेव इथे आणि चहा पिऊन ये, तेवढ्यात मागची पानं वाचून काढा. "ठराव सर्वानुमते मंजूर" असं छान अक्षरात लिहिलेलं असेल, खाली सूचक आणि अनुमोदक, आणि बघा हं, सूचक म्हणून तुमचंच नाव सापडलं तर मला नवल वाटणार नाही. खर्चाचे ठराव असतात ते. शाळेचा पट ३१ ते १०० असेल तर समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून संयुक्त अनुदान वर्षाला २५,००० रुपये असा निकष आहे, म्हणजे खडू, डागडुजी, टॉयलेटची सफाई हे सगळं त्यातूनच. ते कसं वापरलं हे बघणं २००९ च्या शिक्षण हक्क (आरटीई) कायद्याने समितीचंच काम आहे. समितीत तीन चतुर्थांश पालक हवेत, निम्म्या बायका हव्यात, आणि मुख्याध्यापक सचिव असले तरी अध्यक्ष पालकांमधलाच. तुमचं तठे काय काम ते आता घरी सांगा!

मीटिंगला कोणी येत नाही अशी सरांची पण तक्रार असते आणि ती अगदीच खोटी नसते. पण ऐन वेचणीच्या दिवसात सकाळी अकराला मीटिंग ठेवली तर कापसात गेलेली बाई येणार कशी? संध्याकाळी ठेवा म्हणा, शाळेच्या ओट्यावर. आपल्याकडे गॅदरिंगला सगळं गाव लोटतं, साने गुरुजींच्या फोटोला हार घालायला माणसांची कमी नसते, गुरुजी १९२४ ते १९३० अमळनेरला प्रताप हायस्कूलमध्ये शिकवायला होते हे पण भाषणात येतं, फक्त मीटिंगचं प्रोसिडिंग वाचायला कोणी नसतं.

एखाद्या दिवशी खिचडीच्या वेळेलाच जा, न सांगता. सहावी ते आठवीच्या पोराला दिवसाला १५० ग्रॅम तांदूळ धरलेला असतो, पहिली ते पाचवीला १००. हजेरी किती लागली आणि पातेल्यात तांदूळ किती पडला हे चुलीपाशी उभं राहिलं की दोन मिनिटात कळतं, पण शिजवणाऱ्या बाईशी भांडू नका, तिला मिळतं ते फारच थोडं.

आता गणिताचे सर. आरटीईप्रमाणे सहावी ते आठवीला वर्गाला किमान एक शिक्षक आणि त्यात एक गणित-विज्ञानाचा पाहिजेच. प्रत्यक्षात संचमान्यतेत, म्हणजे शाळेला किती शिक्षक ते ठरवतात त्यात, पदं बसतात ती पटावर, म्हणून तर दाखल्याचं नंतर म्हटलं, कारण पोरं निघाली की पद जातं, पद गेलं की राहिलेली पण निघतात. समितीचा ठराव करा, केंद्रप्रमुखांकडून पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्या आणि पोच घ्या. लगेच सर येतील असं मी म्हणत नाही, पण तोंडी सांगितलेलं तर कुठेच राहत नाही. आणि सातवीत मीडियम बदलून गणित-विज्ञानाचे सगळे शब्द नव्याने पाठ करण्यात पोरीचं वर्ष जाईल, नुसत्या व्हॅनसाठी मी तरी काढणार नाही. गावातलं कोणी बीएस्सी झालेलं पोरगं संध्याकाळी गणित घेईल का ते मात्र आजच विचारा.

प्रश्न : मुलगा आठवीला आहे, शहादा तालुक्यात. सर म्हणतात एनएमएमएसचा, म्हणजे त्या स्कॉलरशिपच्या परीक्षेचा फॉर्म भर. फायदा आहे का? क्लास लावू का?

उत्तर : भरा भाऊ, विचारताय काय! लागला तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये, थेट पोराच्या खात्यात. घरचं उत्पन्न साडेतीन लाखाच्या आत हवं, सातवीला ५५ टक्के हवेत, एससी-एसटीला ५०. दोन पेपर, एक बुद्धिमत्तेचा आणि एक शाळेतल्या विषयांचा, दोन्ही ९० मार्कांचे. क्लास नको, जुने पेपर घड्याळ लावून सोडवून घ्या, उत्पन्नाच्या दाखल्याला मात्र आत्ताच लागा, तो ऐनवेळी अडकतो. आणि नववीला विनाअनुदानित शाळेत टाकलंत तर स्कॉलरशिप बंद, सरकारी किंवा अनुदानितच पाहिजे, हे ॲडमिशनच्या आधी घरात सगळ्यांना सांगून ठेवा.